सूअर्डला उतरल्यावर

कॅनडातल्या व्हँकुव्हरहून अलास्काला निघणाऱ्या मोठ्या जहाजांची भाडी चाळायला घेतली की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. बिनखिडकीच्या, आतल्या केबिनमधल्या सात रात्री अलास्कातल्या साध्या हॉटेलच्या भर उन्हाळ्यातल्या सात रात्रींपेक्षा पुष्कळदा स्वस्त पडतात. हॉटेलच्या पैशांत फक्त खोली मिळते. जहाजाच्या पैशांत खोली, तिन्ही वेळचं जेवण आणि वर हजारावर मैलांचा प्रवास मिळतो. मग मनात सरळ विचार येतो, की जहाजानेच जावं आणि जहाजानेच परत यावं.

मला हा हिशेब अर्धा वाटतो. अलास्काच्या किनाऱ्याने नेणारं जहाजाइतकं सोयीचं वाहन दुसरं नाही, हे मी कुणाशीही वाद घालून सांगेन. पण अलास्का किनाऱ्यापाशी संपत नाही. तिथे ते सुरू होतं. म्हणून जहाजाने एकाच बाजूचा प्रवास करायचा, उत्तरेच्या टोकाला सामान घेऊन उतरायचं आणि तिथून पुढे रेल्वे, बस आणि आपले पाय यांच्यावर विसंबायचं. खर्च वाचवायला म्हणून मी या वाटेकडे वळलो. आता मात्र पैशांची ददात नसती तरीही मी असाच गेलो असतो, असं मनापासून वाटतं.

बरोबर मावशी होती. तिचे गुडघे दुखतात, आणि समुद्राकडे बघत ती तासन्‌तास बसू शकते. मला एका जागी बसवत नाही. दोघांनाही भरपूर मिळेल असा प्रवास आखायचा होता, आणि जहाज अधिक जमीन ही जोडी त्याला चपखल बसली.

आखणीची सुरुवात नकाशापासून करण्याआधी एका जुन्या कायद्यापासून करावी लागते. परदेशी नोंदणीच्या जहाजाने अमेरिकेच्या एका बंदरात प्रवासी घेऊन अमेरिकेच्याच दुसऱ्या बंदरात उतरवायचे नाहीत, असा तिथे १८८६ सालापासून नियम आहे. देशी जहाजांचा धंदा परक्यांनी खाऊ नये म्हणून केलेला हा कायदा अजून जिवंत आहे. आजची मोठी क्रूझ जहाजं जवळजवळ सगळीच बहामा, पनामा, बर्म्युडा, नेदरलँड्स अशा देशांत नोंदलेली असतात. त्यामुळे सिएटलहून निघणारी जहाजं गोल फिरून सिएटललाच परत येतात आणि वाटेत कॅनडातल्या व्हिक्टोरियाला टेकतात. तो थांबा पुष्कळदा संध्याकाळचा, काही तासांचाच असतो. प्रवाशांना वाटतं की गाव दाखवायला थांबवलंय. खरं तर कायद्याची अट पुरी करायला थांबलेलं असतं. २०२१ साली साथीमुळे कॅनडाने आपली बंदरं क्रूझ जहाजांना बंद ठेवली, तेव्हा अमेरिकी काँग्रेसला खास तात्पुरता कायदा करून ही अट सैल करावी लागली होती.

आपल्या दृष्टीने याचा अर्थ असा, की सिएटलला चढून अलास्कात कायमचं उतरता येत नाही. व्हँकुव्हरला चढलं तर येतं, कारण प्रवासाची सुरुवातच परदेशात झालेली असते. म्हणून एकमार्गी जहाजं व्हँकुव्हर आणि अलास्कातली सूअर्ड किंवा व्हिटियर ही बंदरं यांच्यामध्ये धावतात. ज्यांना व्हिसा लागतो त्यांनी कॅनडा आणि अमेरिका दोन्हींचा आधी हातात घ्यावा आणि मगच जहाजाचे पैसे भरावेत. अमेरिकेची तपासणी व्हँकुव्हरच्या कॅनडा प्लेस धक्क्यावरच, जहाजावर चढण्याआधी होते. तिथे पोचणं मात्र फार सोपं आहे. विमानतळावरून कॅनडा लाइनची गाडी पकडायची आणि शेवटच्या वॉटरफ्रंट स्टेशनला उतरायचं, की धक्का चालत काही मिनिटांवर. विमानाची तिकिटं काढताना व्हँकुव्हरला जायचं आणि अँकरेजहून परत यायचं असं एकाच बुकिंगमध्ये शोधावं. दोन सुटी एकमार्गी तिकिटं काढण्यापेक्षा ते बहुधा स्वस्त पडतं.

यानंतर तारखांचा प्रश्न, आणि मला वाटतं सगळ्या आखणीचा जीव इथेच आहे. जहाजाचे स्वस्त आठवडे म्हणजे हंगामाच्या दोन कडा. मे महिन्याची सुरुवात आणि सप्टेंबरची अखेर. एप्रिलच्या शेवटापासून ऑक्टोबरपर्यंत कुठलं ना कुठलं जहाज त्या पाण्यात असतंच. जमिनीचा हंगाम मात्र त्याहून आखूड आहे. सूअर्ड ते अँकरेज आणि अँकरेज ते डेनाली, फेअरबँक्स अशा रोजच्या रेल्वेगाड्या साधारण मध्य मे ते मध्य सप्टेंबर धावतात. डेनाली राष्ट्रीय उद्यानाच्या आतल्या बस २० मेच्या सुमारास सुरू होतात आणि सप्टेंबरच्या मध्यावर थांबतात. म्हणजे जहाजाचं अगदी स्वस्तातलं तिकीट काढून उतरलात, तर पुढची गाडीच नाही असं होऊ शकतं. स्वस्त जहाज आणि उघडी जमीन ज्या दिवसांत एकमेकांवर येतात ती चिंचोळी फट शोधायची. ती सापडते मेच्या शेवटच्या दिवसांत आणि सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. मेमध्ये आग्नेय अलास्कात पाऊस तुलनेने कमी, दिवस लांबलचक, डोंगर अजून पांढरे. सप्टेंबरमध्ये टुंड्रा लालभडक झालेली आणि रात्री पुरेशा काळ्या, त्यामुळे आकाश निरभ्र असेल तर ध्रुवीय प्रकाशही दिसू शकतो. मला लांब दिवस हवे होते. ज्यांना रंग हवेत त्यांनी सप्टेंबर घ्यावा, पण थंडीची आणि पावसाची तयारी ठेवून.

दुसरा वादाचा मुद्दा म्हणजे आधी जमीन की आधी जहाज. दक्षिणेकडे येणारी जहाजं घेऊन जमीन आधी उरकावी, म्हणजे शेवटी जहाजावर आराम, असं सांगणारे पुष्कळ आहेत आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी तरीही उत्तरेकडे जाणारंच जहाज निवडीन. जहाज कुणासाठी थांबत नाही. जमिनीवर गाडीला उशीर झाला, रस्त्यावर दरड आली, की सगळा जीव त्या एका तारखेत अडकतो. आधी जहाज घेतलं की ती तारीख मागे पडते आणि पुढचे दिवस सैल होतात. शिवाय उत्तरेकडे जाताना सृष्टी मोठी होत जाते. आधी अरुंद खाड्या आणि पाण्यापर्यंत उतरलेली झाडं, मग बर्फाच्या नद्या, मग झाडंच संपलेला मोकळा प्रदेश, आणि शेवटी तो एकटा डेनाली पर्वत. उलट दिशेने आलं तर हे सगळं आकसत जाईल.

भाड्याच्या आकड्याला भुलू नये, एवढं मात्र सांगायलाच हवं. जाहिरातीतल्या आकड्यावर बंदरांचे कर आणि शुल्कं चढतात. मग माणशी रोज पंधरा-वीस डॉलरच्या घरात टिप, जी बहुतेक कंपन्या खात्यावर आपोआप लावतात. एकट्या माणसाला दोघांच्या केबिनचं जवळजवळ पूर्ण भाडं पडू शकतं. मग इंटरनेट, पेयं, फोटो. हे सगळं धरून एका रात्रीचा खर्च काढायचा आणि तो जमिनीवरच्या एका रात्रीच्या राहण्या-खाण्या-प्रवासाच्या खर्चाशेजारी ठेवायचा. आम्ही तसं केल्यावरही जहाजच स्वस्त निघालं. केबिन आम्ही आतलीच घेतली. मावशीने सुरुवातीला खिडकीचा विषय काढला होता. पहिल्या दिवशी पहाटे ती डेकवर गेली ती न्याहारीलाच खाली आली, आणि मग तो विषय तिने पुन्हा काढला नाही. अलास्काच्या पाण्यात बघायचं ते दोन्ही बाजूंना असतं. एका बाजूच्या खिडकीसाठी इतके पैसे मोजण्यापेक्षा चांगलं जाकीट आणि दुर्बीण घ्यावी.

बंदरांतल्या सहलींचंही तसंच. जहाजाकडून घेतलेल्या सहलीचा एक खरा फायदा असा, की ती उशिरा परतली तरी जहाज आपल्याला सोडून जात नाही. पण केचिकन आणि स्कॅगवेमध्ये बहुतेक जहाजं जवळजवळ गावातच लागतात, तिथे स्वतःच्या पायांनी फिरण्यात कसलाच धोका नाही. केचिकनला छत्री घ्या, वर्षाला साडेतीन मीटरच्या आसपास पाऊस पडणारं गाव आहे ते. जूनो ही राज्याची राजधानी, पण बाहेरून तिथे रस्ताच जात नाही, फक्त पाणी आणि हवा. शहराची साधी बस मेंडेनहॉल हिमनदीच्या दिशेने जाते आणि शेवटचा अडीचएक किलोमीटरचा तुकडा चालावा लागतो. मावशीला ते झेपणारं नव्हतं, म्हणून आम्ही थेट नेणारी गाडी घेतली. स्कॅगवेमध्ये १८९८ ते १९०० या काळात, सोन्यामागे धावणाऱ्यांसाठी बांधलेली अरुंद रुळांची व्हाइट पास रेल्वे आहे. पैसे खर्च करायचे असतील तर ते तिथे करावेत. बाकी दुकानं, दागिने, पुन्हा दुकानं.

जहाजाच्या दिवसांतला खरा दिवस म्हणजे बंदर नसलेला दिवस, जेव्हा ते हिमनद्यांच्या आखातात शिरतं. मार्ग निवडताना तेवढंच एक काटेकोरपणे बघावं, की ग्लेशियर बे आहे की नाही. तिथे दिवसाला दोनच क्रूझ जहाजांना परवानगी मिळते, त्यामुळे प्रत्येक कंपनीच्या प्रत्येक फेरीत तो नसतो. उद्यानाचे रेंजर सकाळी शिडीने जहाजावर चढून येतात आणि दिवसभर सांगत राहतात. १७९४ मध्ये कॅप्टन व्हँकुव्हरच्या मोहिमेने हा किनारा आखला तेव्हा इथे आखात असं नव्हतंच, बर्फाच्या कड्यात थोडीशी खाच होती. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर आले तेव्हा बर्फ तीस मैलांहून अधिक मागे सरलं होतं. आणि आमचं अजस्र जहाज त्या मोकळ्या झालेल्या पाण्यातून तासन्‌तास आत चाललं होतं. हूना ट्लिंगिट लोकांची ही पूर्वजांची भूमी. पुढे सरकणाऱ्या बर्फानेच त्यांना इथून हुसकावलं होतं. बर्फ येतं तेव्हा गाव जातं आणि बर्फ जातं तेव्हा समुद्र येतो, हे तिथे डोळ्यांसमोर असतं.

बर्फाचा एक कडा आमच्यासमोर सुटला. आधी कडा सुटताना दिसला, पाणी उसळलं, आणि सगळं होऊन गेल्यावर मग तो आवाज आला, तोफेसारखा. मावशीने माझा दंड घट्ट धरला आणि म्हणाली, "अरे, केवढं लांब आहे ते!" जहाज ज्या अंतरावर उभं होतं, ते अंतर त्या उशिरा आलेल्या आवाजामुळे पहिल्यांदा कळलं. जहाजावरून आवाका दिसतो. हात लावता येत नाही.

हात लावायला, निदान जवळ जायला, सूअर्ड.

उत्तरेला संपणारी जहाजं एक तर सूअर्डला संपतात, नाही तर व्हिटियरला. व्हिटियरहून अँकरेज जवळ आहे, पण बाहेर पडायला चार किलोमीटर लांबीचा एकेरी बोगदा आहे. त्यातून रेल्वे आणि मोटारी आळीपाळीने जातात, शिवाय रेंगाळण्यासारखं गाव तिथे नाही. सूअर्डला रेंगाळता येतं. ज्या अमेरिकी परराष्ट्रमंत्री विल्यम सूअर्ड यांनी १८६७ मध्ये रशियाकडून ७२ लाख डॉलरना अलास्का विकत घेतलं, त्यांचंच नाव या गावाला आहे. रेझरेक्शन बेच्या डोक्याशी, तिन्ही बाजूंनी डोंगर. २७ मार्च १९६४ च्या ९.२ तीव्रतेच्या भूकंपाने आणि मागोमाग आलेल्या लाटांनी धक्का, रेल्वेचं यार्ड, तेलाच्या टाक्या सगळं नेलं होतं. आजचा किनारा त्यानंतरचा आहे.

जहाज भल्या पहाटे लागतं आणि सकाळी नऊच्या आसपास सगळ्यांना उतरवून मोकळं होतं. धक्क्याबाहेर बस उभ्या असतात आणि बहुतेक प्रवासी त्यांत बसून थेट अँकरेजच्या विमानतळाकडे निघून जातात. हे बघताना मला फार वाईट वाटलं. कारण रेल्वेची नेहमीची गाडी, कोस्टल क्लासिक, सूअर्डहून संध्याकाळी सहाला सुटते. मधला अख्खा दिवस आपला असतो. सामान ठेवायची सोय आधी पाहून ठेवायची, शटलची वेळ विचारून ठेवायची आणि एक्झिट ग्लेशियरकडे निघायचं. केनाई फ्योर्ड्स राष्ट्रीय उद्यानाचा रस्त्याने पोचता येणारा हा एवढाच भाग.

या रस्त्याच्या कडेला लहान लहान पाट्या आहेत. त्यांवर फक्त एक साल लिहिलेलं असतं. त्या त्या साली हिमनदीची कड तिथे होती. पहिल्या पाट्या गाडीतून दिसतात, आणि तिथून बर्फाचा मागमूसही दिसत नाही, सगळी झाडी. १८८९ ची पाटी, मग १९१७ ची. नंतर गाडीतून उतरून पायवाटेला लागायचं आणि वर्षांमधून चालत जायचं. झाडं ठेंगणी होत जातात, कारण बर्फाखालून जमीन मोकळी होऊन त्यांना तितकीच वर्षं झालेली असतात. मावशी पहिल्या सपाट टप्प्यापर्यंत आली आणि एका बाकावर बसली. मी पुढे गेलो. २०१० ची पाटी वर, खडकांत. तिच्यापाशी उभा राहिलो तेव्हा त्या सालच्या माझ्या आयुष्यातल्या गोष्टी आठवत होत्या, आणि बर्फ खूप दूर, कातळाच्या वर निळसर दिसत होतं. १८१५ पासून ही हिमनदी दोन किलोमीटरांहून अधिक मागे गेली आहे. हाच आकडा जहाजावर रेंजरच्या तोंडून ऐकला असता तर मी मान डोलावली असती. इथे तो पायांनी मोजला. ग्लेशियर बेमध्ये तीस मैल म्हणजे काय, तेही मला या दोन किलोमीटरांत कळलं.

खाली आल्यावर मावशीने मला तिच्या बाकाजवळच्या पाटीवरचं साल दाखवलं. "यानंतर लगेच माझा जन्म," ती म्हणाली. मग बराच वेळ आम्ही तिथेच बसलो. शटल यायला अवकाश होता आणि घाई कसलीच नव्हती.

पाऊस असेल तर गावातलं अलास्का सीलाइफ सेंटर आहे, १९९८ मध्ये उघडलेलं. १९८९ मध्ये एक्झॉन व्हॅल्डिझ या तेलवाहू जहाजातून झालेल्या तेलगळतीच्या भरपाईतून त्याच्या उभारणीचा मोठा खर्च निघाला. जखमी सील, वॉलरसची पोरकी पिल्लं यांची शुश्रूषा तिथे होते. अर्धा दिवस सहज जातो.

आणि मग संध्याकाळची गाडी. भर उन्हाळ्यात सूर्य रात्री अकराच्या पुढे मावळतो, त्यामुळे तेव्हा सव्वाचार तासांचा हा प्रवास पूर्ण उजेडात होतो. मूस पासनंतर रूळ हमरस्त्याला सोडून डोंगरांत शिरतात आणि मग कितीतरी वेळ आजूबाजूला एकही रस्ता, एकही तार दिसत नाही. बोगदे, दऱ्या आणि रुळांपासून थोड्या अंतरावर स्पेन्सर हिमनदी. पोर्टेजनंतर गाडी टर्नअगेन आर्म या खाडीच्या काठाने धावते. तिथे करड्या, वाळक्या झाडांची रांगच्या रांग पाण्यात उभी आहे. १९६४ च्या भूकंपात इथली जमीन सुमारे दोन मीटर खचली आणि मुळांशी खारं पाणी आलं. मिठाने मेलेली झाडं इतक्या वर्षांनंतरही कुजून पडलेली नाहीत. सूअर्डहून येताना डाव्या बाजूला बसावं, खाडी त्या बाजूला येते.

ही रेल्वे अमेरिकी सरकारने १९१५ ते १९२३ या काळात बांधून पुरी केली. जुलै १९२३ मध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी नेनाना इथे सोन्याचा खिळा ठोकला, आणि काही आठवड्यांत परतीच्या वाटेवर सॅन फ्रान्सिस्कोला त्यांचं निधन झालं. एक्झिट ग्लेशियर ज्या विशाल हिमपठारावरून खाली उतरते, त्याला त्यांचंच नाव आहे.

अँकरेजहून उत्तरेला जाणाऱ्या डेनाली स्टार गाडीत एक गोष्ट नीट पाहण्यासारखी असते. क्रूझ कंपन्या जहाजाला जोडून जमिनीची सहलही विकतात, आणि त्यांचे काचेच्या छताचे झगझगीत डबे याच गाडीला जोडलेले असतात. इंजिन एकच, रूळ तेच, वेळ तीच, खिडकीबाहेरचं अस्वलही तेच. पुढच्या साध्या डब्यातल्या माणसाचं तिकीट बरंच कमी आणि संध्याकाळ त्याची स्वतःची. पॅकेजवाल्यांना कुठल्या हॉटेलात किती रात्री हे ठरलेलं असतं. डेनालीला त्यांच्या वाट्याला पुष्कळदा एखादीच रात्र येते, आणि डेनालीला एक रात्र म्हणजे जवळजवळ काहीच नाही. ६,१९० मीटरचा तो पर्वत स्वतःचं हवामान स्वतः तयार करतो आणि येणाऱ्यांपैकी जेमतेम तिघांत एकाला दिसतो. वाचवलेले पैसे कुठे घालावेत असं कुणी विचारलं, तर मी सांगेन की इथे, जास्तीच्या रात्रींत. प्रवेशद्वारापाशची हॉटेलं महाग आहेत. उत्तरेला वीसेक किलोमीटरवरच्या हीलीत त्यापेक्षा स्वस्तात जमतं, आणि तंबू असेल तर उद्यानाच्या आतच राहता येतं.

उद्यान सुमारे २४,००० चौरस किलोमीटरचं आणि त्यात रस्ता एकच, ९२ मैलांचा. खासगी मोटारींना उन्हाळ्यात पहिल्या पंधरा मैलांपर्यंतच सोडतात, पुढे बस. निवेदकासह नेणाऱ्या सहलीच्या बस वेगळ्या आणि साध्या ट्रान्झिट बस वेगळ्या. दुसरी घ्या. ती स्वस्त आहे, आणि तिच्यातून मनात येईल तिथे उतरता येतं, हवं तितकं चालता येतं आणि मग जागा असलेल्या पुढच्या ट्रान्झिट बसला हात करून परत चढता येतं. कुणाला प्राणी दिसला की तो "स्टॉप!" ओरडतो आणि सगळी बस श्वास रोखून एका बाजूला झुकते. ऑगस्ट २०२१ पासून प्रिटी रॉक्सपाशी रस्ता खचल्यामुळे बस ४३ व्या मैलापर्यंतच जात आल्या आहेत. वितळणाऱ्या गोठल्या जमिनीने तिथला डोंगरउतारच घसरतो आहे आणि त्यावरून जाणारा पूल उभारण्याचं काम सरकारने हाती घेतलं आहे. आपल्या तारखांना बस कुठवर जाते ते निघण्यापूर्वी बघून घ्या. ४३ मैल काही कमी नाहीत. मावशी बसमधून उतरलीच नाही आणि तिला माझ्याहून जास्त प्राणी दिसले.

या पर्वताच्या सर्वोच्च शिखरावर माणूस पहिल्यांदा पोचला तो ७ जून १९१३ ला. चौघांच्या त्या तुकडीत सर्वांत पुढे वॉल्टर हार्पर होता, जेमतेम विशीतला, आईकडून इथल्याच कोयुकॉन लोकांपैकी. पुढे त्याला डॉक्टर व्हायचं होतं. ऑक्टोबर १९१८ मध्ये नवपरिणीत पत्नीला घेऊन तो स्कॅगवेहून दक्षिणेला निघाला, प्रिन्सेस सोफिया नावाच्या जहाजाने. लिन कॅनाल नावाच्या खाडीत बर्फाच्या वादळात जहाज व्हँडरबिल्ट खडकावर चढलं. मदतीची जहाजं आली, पण लाटांमुळे कुणालाही उतरवता येईना. दुसऱ्या संध्याकाळी ते बुडालं आणि साडेतीनशेच्या आसपास माणसं गेली, जहाजावरचा एकही माणूस वाचला नाही. हार्पर आणि त्याची पत्नी जूनोच्या दफनभूमीत शेजारी शेजारी आहेत.

स्कॅगवे आणि जूनो यांच्यामधल्या त्याच पाण्यातून आम्ही संध्याकाळचं जेवण जेवत आलो होतो. डेनालीच्या पायथ्याशी हे वाचलं तेव्हा जहाजाचा प्रवास आणि जमिनीचा प्रवास माझ्यासाठी एकाच माणसाच्या आयुष्यात गुंफले गेले. म्हणून जाणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, की जूनोला हिमनदीइतकाच थोडा वेळ एव्हरग्रीन दफनभूमीला द्या.

मोटार भाड्याने घ्यावी का, असंही विचारतात. तिघे-चौघे असाल तर जरूर. अँकरेजला घेऊन अँकरेजलाच परत करा, एका गावी घेऊन दुसऱ्या गावी सोडण्याचा आकार जबर असतो. दोघांना रेल्वे आणि बस पुरते. परतताना वाटेवरच्या टॅल्कीटना गावी एक रात्र काढलीत तर तिथून उन्हाळ्यात आठवड्यातले काही दिवस हरिकेन टर्न नावाची गाडी निघते. ज्या वस्त्यांना रस्ता नाही तिथली माणसं रुळाशेजारी उभी राहून हात करतात आणि गाडी थांबते. आमच्या डब्यात पाठीवर पोतं घेतलेला एक म्हातारा आणि त्याचा कुत्रा चढले, काही मैलांनी झाडांत उतरले आणि दिसेनासे झाले.

बुकिंगचा क्रम माझ्या मते असा असावा: आधी उद्यानाच्या बस आणि राहण्याच्या तारखा उघड्या आहेत का ते बघा, मग त्यांना जुळणारं जहाज, मग रेल्वे, सगळ्यात शेवटी विमान. जहाजाची अनामत शेवटच्या हप्त्याच्या तारखेपर्यंत बहुधा परत मिळते, पण अटी वाचून घ्या, कारण काही स्वस्त भाड्यांत ती मिळत नाही.

ज्यांना क्रूझ मुळातच नको असेल त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे, आणि आमची पुढची आखणी तीच चालली आहे. अलास्का राज्याच्या स्वतःच्या फेरी बोटी १९६३ पासून या पाण्यात आहेत. वॉशिंग्टन राज्यातल्या बेलिंगहॅमहून त्या केचिकन, जूनो, हेन्स, स्कॅगवेपर्यंत जातात. ही अमेरिकी जहाजं असल्यामुळे १८८६ च्या कायद्याची आडकाठी नाही. प्रत्येक टप्प्याचं तिकीट वेगळं काढून एकेका गावात उतरून हवं तितकं राहता येतं, पुढची बोट येईपर्यंत. बोटी मात्र मोजक्या, वेळापत्रक आधी हातात घेऊनच बाकीचं ठरवायचं. केबिन घेतली नाही तरी चालतं, लोक डेकवर चिकटपट्टीने तंबू चिकटवून झोपतात.

मावशीला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तंबू तू बांध. मला नीट पडायला काही मिळेल का?"

मिळतं. बोटीच्या मागच्या अंगाला अर्धी उघडी, काचेच्या छपराची जागा असते. तिथे आरामखुर्च्या असतात आणि वर उष्णतेचे दिवे. आधी येईल त्याला खुर्ची. तिने लगेच विचारलं की बोटीवर चढायला किती वाजता सोडतात.